‘ते आलं’ की ‘ते आले’?

पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे, शिवा काशिदांचं स्मारकही आहे. १६६० च्या वेढ्यातून शिवराय निसटले, त्यासाठी या दोघांनी जीव दिला. पण गडावर येणाऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐका. ‘बाजीप्रभू धारातीर्थी पडले’ आणि ‘शिवा काशीद मारला गेला’. देशपांडे ‘ते’ आणि न्हावी ‘तो’! आपल्याकडं सर्वनामालाही जात असते.

हे मला कळत होतं, तरी चूक माझ्याच हातून झाली.

मी एक कथा लिहिली होती. तिच्यात यल्लम्माला सोडलेला, लुगडं नेसणारा जोगता होता. त्याला ‘तो’ म्हणायचं की ‘ती’? इंग्रजीत अशा वेळी एका माणसालाही ‘दे’ म्हणतात. उर्सुला ले ग्विन यांनी १९६९ साली लिंगभेद नसलेल्या माणसांची कादंबरी लिहिली, तेव्हा सगळ्यांना ‘ही’ म्हटलं. पुढं त्यांना स्वतःलाच ते खटकलं. मला वाटलं, आपल्याकडं तर तयार नपुंसकलिंग आहे, अडचण कसली? मी लिहिलं, ‘ते आलं, ते बसलं, ते रडलं.’

पन्हाळ्याच्या एका शिबिरात ती कथा वाचली. ऐकणाऱ्यांत एक जोगते होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, “दादा, ‘ते आलं’ म्हंजे कुत्रं आलं का मांजर? मी मानूस हाय न्हवं? ‘ते आले’ म्हना, न्हाईतर ‘त्या आल्या’ म्हना. ‘आलं’ म्हनू नगा.”

माझी मान खाली गेली. माझ्या आजोबांना गावातली शेंबडी पोरं अरे-तुरे करायची. ‘ते म्हातारं आलंय बघ,’ म्हणायची. तोच शब्द मी दुसऱ्या माणसावर टाकला होता, तोही पुरोगामी म्हणवून घेत.

आई लेकराला ‘माझं सोनं झोपलं’ म्हणते, त्यात माया असते. पण मोठ्या माणसाला नपुसकात ढकललं की त्याची वस्तू होते. इंग्रजीतही ‘इट’ वेगळं आणि ‘दे’ वेगळं. आपल्याला शोधायचा आहे तो ‘दे’ला पर्याय, आणि तो आदरार्थी बहुवचनात आहे. ‘ते आले’ला पुरुषी वास आहे, हे खरं. म्हणून आधी त्या माणसालाच विचारायचं. कथेतल्या पात्राला विचारता येत नाही, तर तसं जगणाऱ्याला विचारायचं.

यानं व्याकरण बुडेल, अशी ओरड होईल. अहो, आमच्या कोल्हापूरच्या पोरी ‘मी जेवलो, मी येतो’ म्हणतात. बुडालं का व्याकरण? बंदोबस्ताला मिशीवाला फौजदार उभा असला, तरी ‘व्यक्ती’ म्हटलं की तो ‘ती’ होतो. त्यानं कुणाची मिशी गळाली?

बाबासाहेबांच्या संविधानाचं कलम १४ समानता देतं ती ‘व्यक्ती’ला. १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ही व्यक्ती म्हणजे फक्त स्त्री किंवा पुरुष नव्हे. कायद्यानं माणूस म्हटलं, आता आपल्या जिभेनं म्हणायचं आहे.

मी कथा पुन्हा लिहिली. त्यात ‘ते आले’ आहे. आणि आता गडावर गेलो की शिवा काशिदांनाही ‘ते’च म्हणतो.

जय भीम.