सोडलेलं आणि घेतलेलं

दिवाळी जवळ आली की आमच्या बस्तीच्या कट्ट्यावर बायकांचे हिशोब सुरू होतात. चातुर्मासात कुणी काय सोडलं, याचे. कुणी चार महिने दही घेतलं नाही, कुणी रविवारचं मीठ सोडलं, कुणी दशलक्षणाचे दहाही दिवस एकदाच जेवलं. सांगताना चेहऱ्यावर जे तेज असतं ते खरं असतं, त्याची थट्टा मला करायची नाही. पण एवढ्या चार महिन्यांत घेतलं काय, आवडलं काय, हे कुणी कुणाला विचारत नाही.

मला मात्र घरात ते रोज विचारलं जातं. विचारणाऱ्या माझ्या सासूबाई, आमच्या आत्ती. वय 86. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दिवस मावळायच्या आत जेवणं झाली, भांडी पालथी पडली, की त्या पलंगावर मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "हं, आज काय काय झालं? सांग की गे."

म्हणून यंदा मी भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशोबाखाली, बारीक अक्षरात दुसराही हिशोब लिहीत गेले. त्यातलाच थोडा इथे उतरवते.

पहिली नोंद आषाढातली. कडक भाकरी, शेंगाची चटणी. बेळगावचा पाऊस असा लागला होता की दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नव्हते. पालेभाज्या बंद, कांदा-बटाटा आमच्यात नाहीच, तोंडली आणि दोडका खाऊन कंटाळा आलेला. मग शेंगदाणे खमंग भाजले, जिरं आणि सुकी मिरची घालून उखळात कांडले. लसूण नसलेली चटणी बेचव लागते म्हणणाऱ्यांनी ती एकदा उखळातली खाऊन बघावी. दाण्याचं तेल सुटेपर्यंत कांडली की तिला दुसरं काही लागत नाही. भाकरी मोडतानाचा कट्ट असा आवाज, बाहेर पाऊस, आणि घाई कसलीच नाही. आत्तींना आता भाकरी चावत नाही. त्यांनी चटणी भातावर घेतली आणि मला म्हणाल्या, "तू मोड, मी ऐकते."

दुसरी नोंद संध्याकाळची. लग्न होऊन आले तेव्हा सहा वाजता जेवायचं म्हणजे मला शिक्षा वाटायची. आता कळतं, ज्या नियमाने जेवणाची वेळ आवळली त्यानेच संध्याकाळ मोकळी केली. शेजारणी साडेआठला कुकर लावत असतात तेव्हा माझा ओटा पुसून दोन तास झालेले असतात. हे दोन-तीन तास आत्तींच्या आणि माझ्या मालकीचे. पुस्तक आणि सिनेमा, दोन्ही त्यातच बसतात.

'बाईपण भारी देवा' आम्ही असाच बघितला, तीन संध्याकाळी मिळून. म्हणजे मी बघितला, आत्तींनी ऐकला. 2023 साली तो आला तेव्हा बायका गटागटाने थिएटरात गेल्या होत्या, आमच्या गल्लीतल्याही. आम्हाला तेव्हा जमलं नाही. सहा बहिणी, एकमेकींवर रुसलेल्या, मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. आमच्यात मंगळागौर नाही. पण पंचमीचा झोका आणि फुगडी आत्तींच्या पायांत अजून आहे. पहिल्या दिवशी दर दोन मिनिटाला "आता कोण बोलालीय?" चालू होतं. दुसऱ्या दिवशी सहाही आवाज पाठ झाले, आणि कुठली बहीण खरं बोलते आणि कुठली गिळून टाकते, हे त्या मला सांगायला लागल्या. रोहिणी हट्टंगडींचा आवाज आला की हात वर करायच्या, बाकीच्यांनी गप्प बसा म्हणून. मी 'गांधी'मधल्या कस्तुरबा त्याच, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "तरीच. ऐकून घ्यायला लावती."

आता ज्या नोंदीपाशी पेन थांबलं होतं ती. आषाढ चतुर्दशीला आत्तींनी गोड सोडलं. चार महिन्यांसाठी नाही, कायमचं. त्याआधी तूप गेलं होतं, त्याआधी दूध. आपल्याकडे रस सहा मानतात: दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ. त्यातले तीन झाले. पुढचा कुठला, आणि सहाही संपल्यावर काय, हा प्रश्न मी मोठ्याने विचारत नाही. आमचे हेही विचारत नाहीत. ते फक्त पूर्वीपेक्षा लवकर घरी येतात.

पंधरा दिवस घरात गूळ वितळला नाही. त्यांच्यासमोर गोड करायचं कसं? सोळाव्या दिवशी त्याच म्हणाल्या, "मी सोडलंय. घराला सोडायला कुठं सांगितलंय?" आणि दशलक्षण संपल्यावर, पारण्याच्या दिवशी, हुग्गी करायला लावली. गहू आदल्या रात्री भिजवलेले, सडून कोंडा काढलेले. आत्ती स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसल्या. मला वाटलं शिजलं, मी गुळाचा डबा उघडला. झाकणाचा आवाज ऐकून म्हणाल्या, "थांब. अजून पाणी वेगळं वाजालंय. गहू फुटू दे." गूळ आधी पडला तर गहू पुढे शिजत नाही, टणक राहतो, हे मलाही माहीत आहे. पण पाण्याचा आवाज मला ऐकू येत नव्हता. दहा मिनिटांनी त्यांनी "आता घाल" म्हटलं. मग ओलं खोबरं, वेलदोडे, सुंठ. मी वाटीभर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. "कशी झालीय?" "छान." "छान म्हणजे? नीट सांग." मग नीट सांगितलं. गहू दाताखाली कसा येतो, सुंठ मागून कशी कळते. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हावरेपणा नव्हता, दुःखही नव्हतं. गोड त्यांनी जिभेपुरतं सोडलं होतं.

भाद्रपद संपता संपता किल्ल्यातल्या कमल बस्तीला गेलो. 1204 सालची बस्ती. रट्टांच्या चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने बांधलेली. आत काळ्या पाषाणाचे नेमिनाथ. वर छतात दगडी कमळ, त्याच्या 72 पाकळ्यांवर तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. आत्ती बरोबर कमळाखाली जाऊन उभ्या राहिल्या, मान वर केली. मी वर्णन करायला लागले तर म्हणाल्या, "मला सांगू नकोस, मी मोजलेत. तू बघ." त्या दिवशी मी पहिल्यांदा मान दुखेपर्यंत ते कमळ बघितलं.

राहिलं वाचन. आधी इंदिरा संतांची 'मालनगाथा' घेतली. इंदिराबाई आमच्या बेळगावच्या, म्हणून अगत्य जास्त. त्यातल्या जात्यावरच्या ओव्या मी वाचायची आणि आत्ती आपल्याकडची एक जोडायच्या. कधी माहेरची, कधी कानडी. त्या मी वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवल्यात. बावीस झाल्या.

आता लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' चालू आहेत. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेलं मीठ-साखरसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. ते ऐकून आत्ती हसून हसून खोकायला लागल्या. पाणी दिलं. मग जरा वेळाने गंभीर होऊन म्हणाल्या, "बघ, ते सगळं दुसऱ्यांना करावं लागायचं. नियम आपल्यापुरता असावा. दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही."

मी हे वाक्य कॅलेंडरात लिहिलं. पुढचा रस कुठला, हा प्रश्न त्याने सुटला नाही. पण माझ्या ताटात वाढून घ्यायची लाज गेली.

परवा निर्वाण लाडूसाठी साखर आणली. यंदाही लाडू त्यांच्या देखरेखीखाली, म्हणजे कानाखाली, होणार. 'स्मृतिचित्रे'ची साठेक पानं उरलीत. आत्ती म्हणतात, रोज दहा पानं वाच. मी पाचच वाचते.