वानवडीतला पाटील



आल्याची काढणी चालू आहे. भावाचा अंदाज घ्यायला गुरुवारी पुण्याला मार्केट यार्डात गेलो होतो. काम अकरालाच उरकलं. स्वारगेटवरनं साताऱ्याला गाड्या दिवसभर असतात. म्हणलं, आज महादजी शिंद्यांची छत्री बघूनच जाऊ. आपल्याकडची माणसं स्वारगेटला उतरली की सारसबाग, दगडूशेठ करून माघारी येतात. वानवडी तिथनं चार-पाच किलोमीटर, पण तिकडं सहसा कोणी वळत नाही.

आम्हा कोरेगाव तालुकावाल्यांना तर जायलाच पाहिजे. कण्हेरखेड आमच्याच तालुक्यातलं. शिंदे तिथले पाटील. त्या घरातला माणूस दिल्लीचा कारभार बघत होता.

आवारात महादेवाचं मंदिर आहे, ते महादजींनी स्वतः बांधायला घेतलेलं. 12 फेब्रुवारी 1794 ला ते वानवडीच्याच छावणीत तापानं गेले आणि इथंच त्यांना अग्नी दिला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी पुढं बांधलेल्या दिवाणखान्यात रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, भिंतीवर घराण्यातल्या माणसांच्या तसबिरी आहेत. गर्दी अजिबात नव्हती. शांत बसता आलं.

या माणसाचं आयुष्य बघा. जयाप्पा नागोरला मारले गेले. दत्ताजी 1760 च्या संक्रांतीला बुराडी घाटावर पडले. 14 जानेवारी 1761 ला पानिपतात तुकोजी आणि पुतण्या जनकोजी गेले. महादजींचा पाय कायमचा अधू झाला. पखालीनं पाणी वाहणाऱ्या राणेखानानं त्यांना बैलावर घालून वाचवलं. महादजींनी त्याला भाऊ मानलं, सरदार केलं. कागदोपत्री तो राणेखानभाई झाला. आपलं पीक एका हंगामात गेलं तर उभारी धरायला दोन वर्षं लागतात. या माणसाचं अख्खं घर गेलं होतं. तरी दहा-अकरा वर्षांत, 1772 च्या जानेवारीत, त्यांनी शाहआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत बसवला.

1779 च्या जानेवारीत इंग्रज मुंबईहून बोरघाट चढून पुण्यावर निघाले. बरोबर ओझ्याचे हजारो बैल. मराठ्यांनी वाटेतली वैरण जाळली, धान्य हलवलं, तळेगाव पेटवलं. बैलाला वैरण नाही म्हणजे फौज जागेवर बसली. वडगावला इंग्रजांना तह करावा लागला. शेतकऱ्याला हा डाव लगेच कळतो. पण जळाली ती वैरण मावळातल्या कुणब्यांचीच होती, हेही लक्षात ठेवावं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो एका शब्दानं. 1784 ला बादशहानं वकील-इ-मुतलकी दिली ती पेशव्यांच्या नावानं, पण सगळा कारभार महादजींच्या हातात. म्हणजे दिल्लीत त्यांच्या वरचढ कोणी नाही. तरी हा माणूस स्वतःला पाटीलच म्हणवून घ्यायचा. लोकही पाटीलबावा म्हणायचे. आता यात राजकारण होतंच. पेशव्यांपुढं नम्र राहून सत्ता आपल्याकडं ठेवायची, हे त्यांना चांगलं जमायचं. पण नम्र दिसायला दुसरे शब्द काय कमी होते? त्यांनी गावाकडचाच धरला.

आणि आपण काय करतोय? आमच्या भावकीतल्या एका पोराचं लग्न जमवायचं चाललंय. पोरगा पुण्यात खासगी नोकरीला, पण शनिवार-रविवार येऊन घेवड्याचं आणि आल्याचं सगळं तोच बघतो. ड्रीपमधनं कोणतं खत किती सोडायचं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्याच्या बायोडाटावर नोकरी पहिल्या ओळीला, शेती सगळ्यात खाली. मुलीकडच्यांना जमीन पाहिजे, पण जावई शेतकरी नको. म्हणून त्याच्या वडिलांनी तसं छापून घेतलं. मुलीकडच्यांना नावं ठेवत नाही. आपल्या पोरीसाठी आपणही हेच बघतो. पण ज्या कामावर घर उभं आहे ते खालच्या ओळीला ढकललं, की पोरगंही हळूहळू ते खालचंच समजायला लागतं.

मी घरी आल्यावर त्याला म्हणलं, शेती वर घे. त्यानं अजून काही बदललेलं नाही.

तुमच्याकडं बायोडाटावर शेती कितव्या ओळीला असते, कळवा. आल्याच्या बेण्याची निवड आणि साठवण पुढच्या नोंदीत लिहितो.