गॅसच्या उजेडातला पांढरा घेर

पॅरिसमध्ये रिशल्य-द्रुओ मेट्रो स्थानकातून वर आलं की रू ल पेलतिए अगदी जवळ आहे. कचेऱ्या, दुपारच्या जेवणाला भरणारी उपाहारगृहं, घाईने चाललेली माणसं. बॅलेच्या इतिहासात या रस्त्याचं स्थान फार मोठं, पण पाहण्यासारखं इथे काही उरलेलं नाही. १८२१ साली इथे पॅरिस ऑपेराचं नाट्यगृह उघडलं आणि ऑक्टोबर १८७३ मध्ये एका रात्री ते आगीत गेलं. मधल्या काळात इथल्या रंगमंचावर नर्तकीचा पोशाख मुळापासून बदलला. बॅले म्हटलं की आजही डोळ्यांसमोर येतो तो पांढरा, पोटरीपर्यंत उतरणारा घेर इथलाच.

तारीख होती १२ मार्च १८३२, बॅले ‘ला सिल्फिद’. लग्नाच्या दिवशी वाऱ्याच्या परीपायी घरदार सोडणाऱ्या स्कॉटिश तरुणाची ही गोष्ट. परी झाली होती मारी ताल्योनी आणि नृत्यरचना तिचे वडील फिलिप्पो यांची होती. पोशाखाचं श्रेय चित्रकार युजेन लामीला दिलं जातं. त्या काळच्या शिळाछापांत तो नीट पाहायला मिळतो: मान आणि खांदे उघडे ठेवणारी घट्ट चोळी, कमरेपासून घंटेसारखा उमलणारा घेर, पाठीवर इवलेसे पंख, मधोमध भांग पाडून चापून बसवलेल्या केसांवर फुलं. घेर मलमल आणि टार्लेटनचा. टार्लेटन म्हणजे मच्छरदाणीपेक्षा जरा घट्ट विणीचं, खळ घातलेलं सुती कापड. एकच थर घेतला तर आरपार दिसतं. थरावर थर चढवले की त्याला आकार येतो, पण वजन येत नाही.

तसं पाहिलं तर श्रीमंत घरच्या बायका तेव्हा नृत्यसमारंभांना जे झगे घालत, त्यांच्यापासून हा पोशाख फार लांबचा नव्हता. लामीने झग्याची लांबी कमी केली, रंग काढला, भरतकाम आणि झालरी काढल्या. वगळत जाण्यातली ही हिंमत मला फार मोठी वाटते. एरवी ऑपेराच्या रंगमंचावर दिमाखालाच मान होता.

पण केवळ कापडाने ही जादू झाली नसती. याच नाट्यगृहात १८२२ साली अल्लाउद्दीनच्या दिव्यावरच्या ऑपेरात रंगमंचावर पहिल्यांदा गॅसचे दिवे वापरले गेले. मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांना जे जमत नव्हतं ते गॅसला जमलं: तोटी फिरवून उजेड मंद करता येऊ लागला. नोव्हेंबर १८३१ मध्ये संगीतकार मायरबीरच्या ‘रॉबेर ल दियाब्ल’ या ऑपेरात नेपथ्यकार पिएर सिसेरीने मठाचं चांदण्यातलं अंगण उभं केलं आणि थडग्यांतून मेलेल्या जोगिणी उठून नाचू लागल्या. त्यांची प्रमुख ताल्योनीच होती. मंद उजेडात पांढऱ्या सुती थरांच्या कडा विरघळतात, अंग कुठे संपलं आणि हवा कुठे सुरू झाली ते कळत नाही. चार महिन्यांनी ‘ला सिल्फिद’ने तीच किमया पूर्ण बॅलेभर वापरली. १८४१ मध्ये नर्तकी कार्लोता ग्रिझीचा ‘जिझेल’ हा बॅले आला तेव्हा पांढऱ्या घेरातल्या भुतांचा अख्खा अंक ही लोकांची आवड होऊन बसली होती.

या यशामागे पक्का धंदाही होता. १८३०च्या क्रांतीनंतर सरकारने ऑपेरा लुई व्हेरों या व्यवस्थापकाकडे चालवायला दिला. त्याने नर्तकींच्या सरावकक्षाची दारं वर्गणीदार पुरुषांना उघडली. रंगमंचावर स्पर्शापलीकडची परी आणि पडद्यामागे तिच्याभोवती घोटाळणारे शेठ. समूहातल्या बहुतेक मुली गरीब घरच्या. पांढरा रंग पावित्र्याचा म्हणून मिरवला जात होता, तेव्हा त्याच रंगाआडून या मुलींवर काय नजरा पडत होत्या हे विसरून मला त्या शिळाछापांचं कौतुक करता येत नाही.

इथून बुलेव्हार मोंमार्त्रवरचं व्हारिएते नाट्यगृह चालत काही मिनिटांवर आहे आणि ते अजून उभं आहे. भारतीय माणसाने तिथे थांबावं. १८३८ साली पाँडिचेरीजवळच्या तिरुवंदिपुरमहून आलेल्या देवदासी इथे नाचल्या. त्याआधी आठ वर्षं ताल्योनीने ऑपेरात भारतीय नर्तकीची भूमिका केली होती, अर्थात पॅरिसच्या कल्पनेतली. आता खऱ्या नर्तकी आल्या: जमिनीला धरून, तळवा आपटत, घुंगरांच्या तालावर नाचणाऱ्या. कवी आणि समीक्षक थिओफिल गोतिए त्यांच्यातल्या अम्मानीवर भारावून लिहीत राहिला. पुढे ‘जिझेल’ची गोष्ट रचणाऱ्यांत तो होता. शिल्पकार ओग्युस्त बारने ताल्योनीची परीच्या वेषातली छोटी मूर्ती घडवली होती, त्यानेच अम्मानीचीही घडवली. दोन्हींची छायाचित्रं मी शेजारी ठेवून पाहिली आहेत. एकीचं सगळं अंग जमीन सोडायला निघालेलं, दुसरीचं जमिनीवर ठाम. अम्मानीची मूर्ती मला अधिक जिवंत वाटते.

पॅले गार्निए, म्हणजे १८७५ साली उघडलेलं ऑपेराचं नवं घर, इथून पश्चिमेला आहे. त्याचा संगमरवरी जिना पाहायला जग लोटतं. मी गेले ती तिथल्या ग्रंथालय-संग्रहालयाच्या ओढीने, कारण एमा लिव्रीच्या पोशाखाचे जळके अवशेष या संग्रहात जपलेले आहेत.

लिव्री ही ताल्योनीची लाडकी शिष्या. तिच्यासाठी ताल्योनीने १८६० साली ‘ल पापियों’ हा बॅले रचला, संगीत ऑफेनबाखचं. त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीने करपतात. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी रू ल पेलतिएच्या रंगमंचावर एका ऑपेराची तालीम चालू होती. बसताना चुरगळू नये म्हणून लिव्रीने घेर उचलून झटकला आणि हवेच्या झोताने गॅसची ज्योत कापडाला लागली. ज्या थरांमध्ये हवा खेळते म्हणून ते तरंगतात, त्याच हवेने ते क्षणात पेटतात. आठ महिने वेदना सोसून जुलै १८६३ मध्ये ती गेली. वय जेमतेम वीस.

उपाय माहीत नव्हता असं नाही. नोव्हेंबर १८५९ मध्ये शाही फर्मान निघालं होतं: नेपथ्य आणि पोशाख कार्तेरों पद्धतीने आगरोधक करून घ्यावेत. तुरटी, टाकणखार अशा क्षारांत बुडवलेलं कापड कडक व्हायचं, पिवळट पडायचं. लिव्रीने १८६० मध्ये लेखी कळवलं, की मी साधाच पोशाख घालून नाचेन. तिच्या हट्टाला दोष देणं सोपं आहे. पण शुभ्र आणि हलकं दिसण्यासाठीच जिला टाळ्या मिळत होत्या, तिच्यासमोर पिवळट, ताठर घेर ठेवून ‘निवड तुझी’ म्हणणं, ही जबाबदारी झटकण्याची जुनी तऱ्हा आहे. लंडनमध्ये नर्तकी क्लारा वेबस्टर अशीच पेटून मेली, त्याला लिव्रीच्या अपघातावेळी अठरा वर्षं होत आली होती. दिव्यांच्या ज्योतींना जाळ्या लावून घेणं हे काही नर्तकीचं काम नव्हतं.

लिव्रीची कबर मोंमार्त्रच्या दफनभूमीत आहे. जुन्या खाणीच्या खळग्यात वसलेली ही जागा. वरून लोखंडी पुलावरून गाड्या जातात. गोतिए इथेच आहे, ‘जिझेल’चा संगीतकार आदामही, आणि नर्तकींना आयुष्यभर रेखाटणारा देगाही. ताल्योनी नावाची एक कबर आहे, तिच्यावर नर्तकी आपले झिजलेले बूट आणून वाहतात. तिथे मारीची आई असल्याचं मानलं जातं. मारी पेर लाशेझमध्ये असल्याचं सांगतात. बूट मात्र इथेच येतात.

एका जोडाशी मी बराच वेळ वाकून बसले. पावसाने साटिनचा गुलाबी रंग करडा झाला होता, फिती दगडाला चिकटल्या होत्या आणि चवड्याशी शिवण उसवून आतलं सगळं बाहेर आलं होतं: सरसाने चिकटवलेले कापडाचे आणि पुठ्ठ्याचे थर. अंगठ्यावर उभं राहणाऱ्या आजच्या नर्तकीला हा कडक डबा तोलून धरतो. ताल्योनीचे जे जोड संग्रहालयांत टिकून आहेत त्यांत असलं काही नाही. मऊ साटिन, पातळ चामड्याचा तळ आणि चवड्याभोवती दाट घातलेले रफूचे टाके. बाकी भार घोट्यांनी आणि पोटऱ्यांनी पेलायचा. तिची पाठ किंचित वाकलेली होती, हात प्रमाणापेक्षा लांब होते. वडिलांनी त्यासाठी हातांच्या वेगळ्या ठेवणी बसवल्या आणि रोज तासन्‌तास सराव करवून पाय असे तयार केले, की सगळ्यांनी पायांकडेच पाहावं. घेर पोटरीशी थांबवला, तो हे पाऊल दिसावं म्हणून.