खुंट

पुण्यात आमच्या घरामागे टीचभर अंगण होतं आणि त्यात बाबांचे अकरा गुलाब. पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी, कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट आणि थंडी पडली की डोळे भरायचे. गावठी गुलाबाच्या खुंटावर ब्लेडने टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, आत चांगल्या जातीचा डोळा सरकवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधायचा. सोपट भिजवून ठेवणं हे माझं काम. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरायचं. लोक फुलांपुढच्या पाट्या वाचत पुढे सरकायचे. बाबा मात्र मांडणाऱ्याला गाठून विचारायचे, "खुंट कुठला वापरलात?"

नर्सरीतून नवं कलम आणताना स्कूटरवर मागे बसून मुळांभोवतीची मातीची हुंडी मी मांडीवर सांभाळायचे. हुंडी फुटली की कलम गेलं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलेलं.

म्हणून अमेरिकेत आल्यावर २००४च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या दुकानात बेअर रूट गुलाब पाहिले तेव्हा धस्स झालं. पेटीतल्या लाकडाच्या भुशात काटक्या खोचलेल्या. पान नाही, माती नाही, खाली पिंगट मुळं मोकळी लोंबताहेत. तरी एक आणला. लावायला घेतला आणि फोन वाजला. अर्ध्या तासाने परत आले तर उन्हात मुळांची टोकं तारेसारखी कडक झाली होती. तो गुलाब फुटलाच नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाबा आले. या वेळी पीस नावाचा गुलाब आणला होता. फ्रान्समधल्या मेयाँनी तयार केलेला, १९४५ साली अमेरिकेत या नावाने आलेला, पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी कड असलेला. पुण्याच्या अंगणातही तो होता. रात्रभर मुळं बादलीत भिजली. सकाळी बाबांनी पाण्यात हात घालून एकेक मूळ चाचपलं, मोडलेलं तेवढं कापलं. म्हणाले, "अगं, याला हुंडी कशाला हवी? हा झोपलाय." अंगावर पानंच नाहीत, तर पाणी उडणार कुठून? मुळं ओली राहिली की मातीवाचूनही तो काही दिवस तगतो. पुण्याच्या थंडीत गुलाब असा गाढ झोपत नाही, म्हणून तिथे हुंडी.

हात-सव्वा हात रुंद खड्डा खणला. तळाशी मातीचा उंचवटा केला आणि लहानपणी माझ्या केसांतला गुंता सोडवायचे तशा बोटांनी बाबांनी मुळं त्यावर चारी बाजूंना पसरली. मी खताची पिशवी पुढे केली तर ती बाजूला ठेवली. "आधी मूळ धरू दे." अर्धी माती, पाणी, मग उरलेली माती. डोळा भरलेली गाठ जमिनीच्या दोन इंच वर ठेवली. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे ती मातीखाली घेतात, इथे त्याची गरज नाही. त्या गाठीवर अंगठा ठेवून बाबांनी विचारलं, "खुंट कुठला गं?" मला ठाऊक नव्हतं. पाटीवर फक्त पीस लिहिलं होतं.

तो गुलाब दहा वर्षं फुलला. छाटणी मी बाबांच्या पद्धतीने करायचे. बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर, पाव इंच वर, तिरका काप. २०१३ साली बाबा गेले. २०१५च्या दुष्काळात कॅलिफोर्नियात पाण्यावर बंधनं आली, मीही पाणी तोडलं आणि पीस वाळला. गाठीपर्यंत कापून ठेवला, पण उपटायला हात धजेना.

पुढच्या वसंतात गाठीच्या खालून लांब फांद्या आल्या आणि त्याच्या पुढच्या एप्रिलात त्यांवर गर्द लाल, मध्ये पिवळे केसर असलेली फुलं लागली. शहराच्या सार्वजनिक गुलाबबागेत छाटणीला येणाऱ्या एका वृद्ध स्वयंसेवकाला फोटो दाखवला. त्याने क्षणही लावला नाही. "डॉ. ह्यूई. हा खुंट आहे."

अमेरिकेतल्या असंख्य बागांतल्या गुलाबांखाली हाच खुंट असतो. कॅप्टन जॉर्ज थॉमस यांनी केलेली ही जात १९२०च्या सुमारास बाजारात आली. वर्षातून एकदाच फुलते, म्हणून फुलासाठी तिला फारसं कोणी लावत नाही. बहुधा वरचं कलम मेल्यावरच ती फुललेली दिसते. तिला नाव दिलंय ते फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट ह्यूई यांचं. ते दाताचे डॉक्टर होते आणि थॉमसना गुलाबांचा नाद त्यांनीच लावला होता.

डॉ. ह्यूईबद्दल हे वाचलं त्या रात्री मी टॉर्च घेऊन अंगणात गेले आणि त्या झाडापाशी बराच वेळ बसले. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, सांगायला बाबा नव्हते.

खुंटाची फूट दिसली की मुळापाशी शोधून ओढून काढायची, नाहीतर ती कलमाला खाते. बाकीच्या गुलाबांची मी काढतेच. कुंपणाजवळचा तो लाल मात्र ठेवला आहे. दर जानेवारीत नवा गुलाब बादलीत भिजत घालते तेव्हा दुकानदाराला खुंटाचं नाव विचारून घेते. पाटीच्या दर्शनी बाजूला फुलाचं नाव छापलेलं असतंच. ती उलटी करून मागे पेन्सिलीने खुंटाचं लिहिते आणि मग मातीत खोचते.