कोरफडीचं पाणी

मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव, म्हणून बाहेरची माणसं इथे येतात. आम्हा शेतकऱ्यांची ओळख मात्र इथल्या पाण्याशी. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. जांभ्यातून पाणी झिरपतं नि समुद्राला मिळतं. लोक म्हणतात, कोरफड, निवडुंग उन्हाळ्यात जपा. आमच्याकडे उलटं. ती जपायची पावसात.

आईने लग्नानंतर माहेराहून कोरफडीचं एक पिल्लू आणलं होतं. चुलीवर हात भाजला की तिचं पान कापायचं. आई गेली, पण त्या कोरफडीच्या पिल्लांची पिल्लं अजून आहेत. मिरग लागायच्या आत ती कुंडी पडवीत घ्यायची. म्हणायची, "तिच्या पोटात पाणी आहे रे, वरून आणखी कशाला?"

बोलणं खरंच होतं. ही झाडं पानात, खोडात पाणी साठवतात. दिवसा अंगावरची बारीक छिद्रं मिटून घेतात, रात्री उघडतात, म्हणून पाणी कमी उडतं. मुळं सतत ओली राहिली तर हवेवाचून कुजतात. वरून झाड हिरवं दिसतं, हात लावला की बुडातून निखळतं. बांधावरचा थोर भर पावसात उभा असतो, कारण उतारावर पाणी थांबत नाही. कुंडीचं तसं नाही.

सुनेने मुंबईहून चार कॅक्टस आणले, तेव्हा विचारलंन, "बाबा, रोज किती पाणी घालू?" म्हटलं, रोज नाहीच. आधी कोकोपीट काढून लाल माती, चिऱ्याचा चुरा नि नदीची जाड वाळू भरली. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ. मग हिशेब सांगितला. जून ते सप्टेंबर पडवीत, उजेडात ठेवायची, पाणी जवळजवळ नाहीच. ऑक्टोबरच्या उन्हात दहा-बारा दिवसांनी. थंडीत पंधरा-वीस दिवसांनी. मार्च ते मे आठवड्याने, तेही संध्याकाळी. घालायचं तेव्हा खालून निथळेपर्यंत, पण ताटलीत साचू द्यायचं नाही. त्याआधी काडी मातीत खुपसून बघायची, ओली निघाली तर थांबायचं. पान सुरकुतलं तर घाबरू नये, ते पाण्याने भरून येतं. कुजलेलं परत येत नाही.

आता मुलगा म्हणतो, घर पाडून स्लॅबचं बांधू. बांधू दे. दरवर्षी कौलं परतायला माझे गुडघे साथ देत नाहीत. फक्त एवढंच सांगितलंय, समोर चार हात पडवी राहू दे. माणसं छत्री घेतील. आईची कोरफड पावसाचे चार महिने कुठे ठेवायची?