शिवलेले मोहरे

परीक्षा संपली आणि मी पिशवी भरली. तीन स्पर्धा, तीन गावे : सातारा, कोल्हापूर आणि शेवटी सांगली. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट, हाच काय तो आधार! प्रवेश-फीसाठी मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या अण्णांनी अडत्याकडून उचल घेतली होती. ती फेडायची तर बक्षीस हवेच होते.

साताऱ्यात आणि कोल्हापुरात हात रिकामेच राहिले. सांगली म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांची बुद्धिबळनगरी. तेथे मात्र सूर सापडला. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तीही एकोणीस वर्षांचीच होती. हे मनाशी घोकत मी शेवटच्या फेरीपर्यंत आले. नुसती बरोबरी झाली असती, तरी बक्षीस ठरलेले होते.

आणि हत्तीऐवजी मी घोडा उचलला! बोटांना कळले, पण उशिरा. समोरची मुलगी मान वळवून पाणी पीत होती. पंच लांब होते. कुणीच पाहिले नव्हते. पण शिवलेले मोहरे खेळलेच पाहिजे. मी घोडा खेळले. तो सरकताच मागचा वजीर उघडा पडला... आणि डाव गेला.

रात्री घरी अण्णांना सारे सांगितले. त्यांना बुद्धिबळातले काही कळत नाही. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "पोरी, खांद्यावर घेतलेलं पोतं मधी टाकता येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा तासभर आधी यार्डात गेले. उचल अजून फिटायची आहे.