समांथाचं नाक

मी शाळेत असताना आमच्या इंदूरच्या घरी सोनीवर हिंदीत डब केलेली 'बिविच्ड' लागायची. समांथा चेटकीण, पण नवऱ्याला शब्द दिलेला की जादू करणार नाही. अर्थात करायचीच. नाक हलवलं की पसारा गायब! आरशासमोर मीही पुष्कळ प्रयत्न केले. पुढे कळलं, एलिझाबेथ माँटगोमेरी खरं तर वरचा ओठ हलवायची, नाक त्याच्याबरोबर हलायचं.

१९६४ ते १९७२, २५४ भाग, आणि संगणकाची मदत शून्य. कॅमेरा थांबवायचे. हात वर असेल तर वर, तोंड उघडं असेल तर उघडं, नट तसेच उभे. सेटवरची माणसं धावत येऊन वस्तू ठेवायची किंवा उचलायची, की कॅमेरा पुन्हा सुरू. मधला तुकडा कापला की झाली जादू. आमचं काम एका क्लिकवर होतं, तरी मी कुरकुरतो.

समांथाचा नवरा डॅरिन जाहिरात कंपनीत. तिथली गडबड कितीदा तरी तीच निस्तरायची, शाबासकी त्याला. आमची आई गणितात एमएस्सी. पाहुण्यांसमोर माझं गणित अडलं की मात्र म्हणायची, "बाबांना विचार." पाहुणे गेले की बाबा तीच वही गुपचूप तिच्यापुढे सरकवायचे.

परवा लेकीला काही भाग दाखवले. तिनं विचारलं, "आजी, ही जादू लपवते कशाला?"

आई मटार सोलत होती. "मूर्खपणा, दुसरं काय!"

बाबांनी पेपर आणखी वर धरला.